रावसाहेब मिस्त्रींचा हात

रावसाहेब मिस्त्री आलेल्या गाडीला आधी हात लावत नसत. गाडी लांबून आली, की ते उजवा तळवा इंजिन निवावं म्हणून त्याच्या अंगावर असलेल्या पात्यांसमोर दोन बोटं अंतर राखून धरायचे, डोळे मिटायचे आणि मोजायला लागायचे. एक... दोन... तीन... चटका सोसेना झाला की हात मागं. सातापर्यंत हात टिकला तर इंजिन सुखात आहे. पाचाला मागं आला तर कुठंतरी दुखतंय. आणि तिनालाच मागं आला तर गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ते किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "गाडी हितंच ऱ्हाईल. तुमी एस्टीनं जावा."

घोडेगावात हायवेच्या कडेला, बाजारतळाच्या अलीकडं, लिंबाच्या झाडाखाली त्यांचं पत्र्याचं शेड होतं. वडील जनावरांच्या बाजारात बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचे. रावसाहेबांनी तो धंदा धरला नाही. ते नगरला एका उस्तादाच्या हाताखाली लष्करातल्या जुन्या बुलेट उघडायला शिकले आणि परत गावात येऊन बसले. शेडवर बोर्ड नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाजारात जनावर काय बोर्ड लावून येतं व्हय डॉक्टर? चालताना बगून लोकं घेत्यात."

मी डॉक्टर नाही. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. पण लोक डॉक्टर म्हणतात आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही, खोटं कशाला बोलू! तोंडाचा मी फाटका, रागाचा तर त्याहून. गोठ्यात शिरलो की आधी मालकावर ओरडायचं आणि मग जनावर तपासायचं, ही माझी पद्धत. अशा माणसाकडं बुलेट आली आणि बुलेटला नगरहून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसला, यात नवल काही नाही. मी वस्तीवर पोचायच्या आधी माझा आवाज पोचावा, एवढीच हौस होती.

त्या सायलेन्सरमुळंच आमची ओळख झाली. शेडसमोरून धडधडत चाललो होतो, तर एक किडकिडीत माणूस रस्त्यात आडवा हात करून उभा. मला वाटलं, आवाजावरून भांडायला आलाय. मीही बाह्या सरसावल्या. तर हा माणूस माझ्याकडं बघेचना. खाली बसला, इंजिनासमोर तळवा धरला आणि तिनाला मागं घेतला.

"जेट बदललं का?"

"कसलं जेट? सायलेन्सर बदललाय, कार्बोरेटरला काय झालंय?"

"व्हायचं हाय अजून," ते म्हणाले आणि माझी किल्ली त्यांच्या खिशात गेली. मग मला लिंबाखाली बसवून त्यांनी समजावलं. "ह्या नळीतून धूर भसाभसा भाईर पडतोय. त्येच्यामुळं आत हवा लई वढली जाती. पन पेट्रोल हुतं तेवढंच. चुलीत सरपन कमी आन फुंकनी जोरात मारली तर जाळ कसा पांढराफेक हुतो? त्यो जाळ तुमी पिस्टनच्या डोक्यावर लावलाय."

त्यांनी कार्बोरेटरमधलं जेट एक नंबर मोठं घातलं, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त येऊ लागलं. मग मला गाडीवर मागं बसवून कालव्याच्या पुलापर्यंत नेलं. परत येताना शेड दिसायला लागलं तसं त्यांनी इंजिन एकदम बंद केलं आणि गाडी नुसत्या वेगावर शेडपर्यंत आणली. उतरल्या उतरल्या प्लग काढून माझ्या नाकासमोर धरला. "रंग बगा. दुधाच्या चहाचा पायजे. पांढरा आला तर इंजिन भाजतंय. काळा आला तर पेट्रोल फुकट चाललंय." त्या दिवशी तीनदा पुलापर्यंत चकरा झाल्या, तेव्हा कुठं चहाचा रंग आला. मग मोजणी झाली. सात. "आता जावा. आवाजाचं पोलीस बगतील. मी इंजिनाचा मानूस."

ही त्यांची रीत कधी मोडली नाही. नवा सायलेन्सर म्हटला की जेट, पूल, प्लग आणि शेवटी हात. मधलं काही गाळायचं नाही. इंजिनाच्या पात्यांमध्ये गोठ्यातला चिखल, शेण वाळून बसलेलं असायचं, ते घासायला त्यांच्याकडं जुने दात घासायचे ब्रश होते. घासताना माझी हजेरी घ्यायचे. "शेन भाकरीच्या खाली बरं डॉक्टर, इंजिनावर न्हाई. पात्यांतनं वारा गेला पायजे. तुमी त्येला गोधडी पांघरलीया." आणि मी कुणावर तरी ओरडून आलोय हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळायचं. तेव्हा हमखास म्हणायचे, "आवाज वाढवायला अक्कल लागत न्हाई. थंड ठिवायला लागती."

एका बाजाराला वैशाखाच्या उन्हात एक म्हशींचा व्यापारी गाडी तापली म्हणून हौदातली बादली घेऊन इंजिनावर ओतायला निघाला. मिस्त्री पाना टाकून असे पळाले, की मला वाटलं कुणाला तरी बैलानं मारलं. बादली त्यांनी हिसकावून घेतली आणि त्या व्यापाऱ्याला म्हणाले, "मालक, चाळीस कोस चालून आलेल्या बैलाच्या अंगावर तुमी लगीच गार पानी वतता का?" व्यापारी खजील झाला. गरम लोखंडावर पाणी पडलं तर तडा जातो, हे मिस्त्रींनी त्याला चहा पाजून सांगितलं आणि गाडी आपसूक निवेपर्यंत लिंबाखाली बसवून ठेवलं. पुढं तो व्यापारी दर बाजाराला फक्त चहा प्यायला येऊ लागला.

आता मला जे सांगायचंय त्याकडं येतो. टाळून उपयोग नाही.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा जुना सायलेन्सर गंजला होता. मी नगरहून दुसरा आणला, चकचकीत, आधीच्यापेक्षा मोकळा. त्याच दिवशी नगरला भाच्याचा साखरपुडा होता आणि मला त्या सायलेन्सरसकट मांडवात मिरवायचं होतं. मंगल, म्हणजे माझी बायको, पैठणी नेसून लिंबाखाली उभी. ऊन चढलेलं. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय. मिस्त्रींनी सायलेन्सर बसवला, अंदाजानं जेट वाढवलं, पुलापर्यंत जाऊन आले. मी म्हटलं, आधी हात धरा. त्यांनी तळवा धरला आणि मोजायला लागले. सात झाले, आठ झाले. अकरापर्यंत मोजलं! मी टाळीच वाजवली.

"बगतो जरा, प्लग काढतो," ते म्हणाले. "दोन मिंटं लागत्याल."

"अहो, अकरा आले! तुमचा हात बोलला, आता प्लग कशाला?"

ते हातात पाना घेऊन तसेच उभे राहिले. "बगू द्या की डॉक्टर."

"उशीर होतोय मिस्त्री! अख्ख्या तालुक्यात तुमच्या हाताचं नाव आहे आणि तुम्हालाच भरवसा नाही?"

ते हसले. कसंनुसं हसले, हे मला आज कळतं. त्यांनी पाना खाली ठेवला. आम्ही निघालो.

इमामपूरच्या घाटात, चढावर, इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी आडवी झाली. मागून ट्रक नव्हता म्हणून आज हे लिहायला मी आहे. मला खरचटण्यावर निभावलं. मंगलचं मनगट मोडलं. पैठणी गुडघ्यावर फाटली, हातातल्या बांगड्या रस्त्यावर पसरल्या, आणि ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. ते बघणं मला रडण्यापेक्षा जड गेलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी शेडवर गेलो. शेडभर गिऱ्हाईक होतं. मी तिथं जे काही बोललो ते सगळं लिहिणार नाही, माझीच लाज मला वाटते. पण एक वाक्य लिहिलंच पाहिजे. मी ओरडलो, "अकरा मोजलेत तुम्ही, अकरा! हात मेलाय का तुमचा?"

मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला, जणू कुणी तो हिसकावून नेणार होतं. "चुकलं डॉक्टर," एवढंच म्हणाले. प्लगचं नाव त्यांनी काढलं नाही. समोर दहा-बारा माणसं होती, एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी ते उच्चारलं नाही.

घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "प्लग बघू दिला नाही, हे सांगितलंत का सगळ्यांदेखत?" मी तिच्यावर ओरडलो. तिचा हात गळ्यात अडकवलेला होता आणि मी तिच्यावर ओरडलो.

माझा धंदा असा, की रोज दहा गोठ्यांत जायचं. प्रत्येक गोठ्यात मी ही हकिकत सांगितली. लोकांनी मंगलच्या हाताची विचारपूस केली, की मी म्हणायचो, मिस्त्री आता कामातून गेला. गावाकडं बातमीला पाय लागत नाहीत, आणि माझ्याजवळ तर बुलेट होती. मी ती नगरलाच दुरुस्त करून घेतली होती. चार-पाच महिन्यांत शेडसमोरच्या गाड्या कमी झाल्या. मग लिंबाखाली नुसती सावली उरली.

त्यानंतर एकदा त्यांच्या घरची शेळी अडली म्हणून मला बोलावणं आलं. नाही म्हणता येईना. शेळी सुटली, करडू उभं राहिलं, आणि हात धुवायला मी पडवीत आलो. मिस्त्री चुलीजवळ बसले होते. जाळातून बाहेर आलेला एक जळका लाकडाचा तुकडा त्यांनी उजव्या हातानं उचलून परत आत ढकलला. सावकाश, निवांत. मला करपल्याचा वास आला. त्यांना आला नाही.

त्यांच्या मंडळी, कमलवहिनी, धावत आल्या, त्यांनी तो हात धरून माझ्यासमोर उलटा केला. तळव्यावर फोड होते, जुने, नवे, बरे न झालेले. "बगा. बगा तुमीच. साकरेचं दुखनं हाय इतकी वरसं. पायाला कळत न्हाई, हाताला कळत न्हाई. कुनाला सांगू देत न्हाईत."

 जनावराच्या पायाला टाचणी टोचून जीव आहे की नाही हे बघणारा माणूस मी! या माणसाच्या पायातली चप्पल रस्त्यात निसटली होती आणि ते तसेच अनवाणी पुढं चालत गेले होते, हे मी स्वतः पाहिलं होतं. वरून ओरडलो होतो, "मिस्त्री, चप्पल रुसून बसली बघा!" सगळे हसले होते. तेही हसले होते.

"हात कधीपासून?" मी विचारलं.

"झाली दोन-तीन वरसं," ते म्हणाले. "आदी सात व्हायच्या आत कळायचं. मग आठ, मग धा. मग मी ठरवलं, हात गिऱ्हाइकासाठी धरायचा आन प्लग माज्यासाठी काढायचा. प्लगनं कदी फशिवलं न्हाई. लोकं हाताला यायची डॉक्टर. हात गेला म्हनल्यावर कोन आलं असतं?"

त्या दिवशी त्यांच्याजवळ खरं सांगणारी एकच वस्तू होती, तो प्लग, आणि तो काढायचा पाना मी त्यांच्या हातून खाली ठेवायला लावला. तोही त्यांच्या हाताची तारीफ करून. ते अडून बसले असते तर हाताचं सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांनी पाना ठेवला.

मी म्हटलं, "मिस्त्री, मी बाजारात सांगतो सगळं."

"हाताचं कुनाला बोलू नगा," ते म्हणाले. "तेवढं करा माज्यासाठी."

मी शब्द दिला. आणि आता माझा खरा नीचपणा ऐका. त्या शब्दाच्या आड मी दोन वर्षं लपलो. हाताचं सांगायचं नव्हतं, मान्य. पण प्लग मी बघू दिला नाही, हे सांगायला मला कुणी बंदी घातली होती? मनाला म्हणायचो, त्यांनीच गप्प राहायला सांगितलंय. बाजारतळावर चारचौघांत उभं राहून "चूक माझी" म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. एरवी हीच जीभ थांबवता थांबत नाही.

शेड बंद झालं. मिस्त्री घराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. घर बाजाराच्या रस्त्यावरच, त्यामुळं जाता-येता दिसायचे. ते हात वर करायचे, मी हॉर्न वाजवायचो आणि पुढं जायचो. क्वचित थांबायचो. तेव्हा विचारायचे, "प्लगचा रंग कसा हाय?"

"चहाचा."

"मंग बरं हाय. पाती घासता का?"

"घासतो."

"आन वहिनींचं मनगट?"

"भाकरी थापते आता."

त्यावर ते डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. पुढच्या कशासाठी तरी ते थांबून राहिल्यासारखे वाटायचे. मी किक मारायचो.

मग मिस्त्रींच्या पायाला खडा लागला. तोही त्यांना कळला नाही. जखम चिघळली, नगरला नेलं, आधी बोट काढलं, नंतर पाऊल. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर पडूनही त्यांचा उजवा हात चादरीवर उताणा होता. मी तो हातात घेतला. गरम होता, ताप होता अंगात. मी दाबला, त्यांना कळलं नाही. माझ्याकडं बघून त्यांनी अंदाजानं बोटं मिटली. मी म्हटलं, "बरे व्हा, मग बोलू." बोलायला मग दिवसच उरले नाहीत. आठवड्यानं ते गेले.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील झालं. दोघं-तिघं चांगलं बोलले. एक जण म्हणाला, "मिस्त्री देवमाणूस, शेवटी शेवटी काम चुकायला लागलं, पण वयानं कुणाचं चुकत नाही?" माना हलल्या. ती हकिकत कुठून पसरली हे त्या माना हलवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण मीच एकेकाच्या गोठ्यात जाऊन सांगितली होती. मंगल माझ्या शेजारी बसली होती.  वाकडं जुळलेलं मनगट तिनं मांडीवर ठेवलं होतं.

मी उठलो.  म्हणालो, "मिस्त्रींचं काम चुकलं नव्हतं. त्यांनी प्लग बघू द्या म्हणून दोनदा सांगितलं. मी बघू दिला नाही. मला मिरवायला जायचं होतं. बायकोचा हात मी मोडला आणि नाव त्यांचं घालवलं. दोन वर्षं मला हे माहीत होतं." एवढं बोललो आणि खाली बसलो. हाताचं काढलं नाही.  तो व्यापारी, दर बाजाराला चहा प्यायला येणारा, समोरच बसला होता. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मिस्त्रींच्या घरी जेवणं झाल्यावर कमलवहिनींनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हाताचंबी सांगा आता लोकास्नी," त्या म्हणाल्या. "त्येंची लाज त्येंच्याबरूबर गेली. मला कसली लाज?" म्हणून हे लिहितो आहे.

मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्या गाडीचा आवाज लई लांबून यायचा भावजी. वढ्यापल्याड असला तरी त्येंला कळायचा. हातरुनात असले तरी उठायचे, खुर्ची दारात घ्यायला लावायचे. म्हनायचे, डॉक्टर बाजाराला निगालाय. आज थांबंल आन चौघांत बोलंल बग. दोन वरसं, दर बाजाराला. आन आवाज म्होरं निगून गेला की म्हनायचे, जाऊ दे, खुर्ची आत घे."

बाहेर माझी गाडी उभी होती. माणसं पांगत होती. मी किल्ली लावली, पाय किकवर ठेवला, आणि तो आवाज त्या दारासमोर काढायचं मला धाडस होईना. मंगल काही न विचारता मागून ढकलायला लागली, चांगल्या हातानं. कालव्याच्या पुलापर्यंत आम्ही गाडी ढकलत नेली.